कौसाक्काचे पांढरे वरण

हे लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी सातवीच्या वर्गाचे तोंड पाहिलेले नाही, आणि माझ्या हातून आजवर जे काही लिहून झाले ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत. शिवाय जिच्याविषयी लिहायचे तिला मी विचारलेले नाही. विचारले असते तर ती म्हणाली असती, "माझ्यावर काय लिवतू रे? मी काय मेले का काय?" तेव्हा चुकले-माकले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. गेल्या आठवड्यात वडील इथे औरंगाबादला मला भेटायला आले आणि एक बातमी सांगून गेले. तेव्हापासून माझे पुस्तकात लक्ष नाही. खोलीत बसवत नाही आणि बाहेर पडलो तर कुठे जावे ते कळत नाही. लिहून काढले तर जीव थाऱ्यावर येईल असे वाटते. येईल का, ते माहीत नाही.

कौसाक्काची हिंगोलीत खानावळ आहे. सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर, औंढ्याकडचा रस्ता जिथे वळतो त्या कोपऱ्यावर, वर पत्रे टाकलेली. बाई पन्नाशीची, उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला आणि हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. तिला एका जागी स्थिर बसलेली मी दोनच ठिकाणी पाहिली, चुलीपुढे आणि चालत्या गाडीत. बाकी वेळ ती येरझाऱ्या घालत असायची. खेड्यापाड्यांतून आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांना ती जेवण द्यायची, आणि ज्यांच्याजवळ कुणीच नसे त्यांचा डबा स्वतः खाटेपर्यंत पोचवायची. तशीच ती एके दिवशी माझ्या शेजारच्या खाटेपाशी आली होती.

मी ट्रकच्या अपघातात सापडलो होतो. दवाखान्यात पडलेल्या माणसाला भेटायला जो येतो तो एकच विचारतो : कसं झालं? ट्रक कसा उलटला, चूक कुणाची, तू कुठं फेकला गेलास. मी सांगायचो. मग दुसरे कुणी यायचे, पुन्हा सांगायचो. असे सांगता सांगता तो ट्रक माझ्यापुरता रोज उलटत होता. कौसाक्काने शेजारच्या माणसाचा डबा ठेवला, माझ्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे पाहिले आणि विचारले,

"कुठं निघाला व्हता?"

"कवा?"

"त्याच दिशी."

"हिंगोलीला."

"हिंगोलीत कुठं?"

"कॉलेजात. नाव घालायला."

"मंग तू अजून पोचला न्हाईस."

मला ते चमत्कारिक वाटले. "हिंगोलीतच तं हाव की, अक्का."

"हा दवाखाना हाय. तू कॉलेजात निघाला व्हता." एवढे बोलून ती पुढच्या खाटेकडे गेली. जाताना माझ्या गावाचे नाव तेवढे विचारून घेतले.

आमचे गाव डोंगरकड्याजवळ. मॅट्रिक पास झालो तेव्हा वडिलांनी सगळ्या वस्तीला चहा पाजला होता. कॉलेजात नाव घालायला निघालो त्या दिवशी गाडी चुकली, म्हणून ज्वारीची पोती घेऊन हिंगोलीला जाणाऱ्या ट्रकवर आम्ही काहीजण बसलो. मी कडेला बसलो होतो. शेजारच्या गावचे किसनबाबा चढले आणि म्हणाले, "आत सरक रे लेकरा, मला थुंकायला कड लागती." मी आत सरकलो. त्यांनी तंबाखू मळली, मलाही विचारली, मी नको म्हणालो. पुढे एका फरशीवर, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावर, टायर फुटला. माझी हासळी, म्हणजे गळ्याजवळचे हाड, मोडली. किसनबाबा जागीच गेले.

हाड जुळले असे डॉक्टरांनी सांगितले आणि ते खरेच जुळले होते. पण घरी जायला मी कुठल्याच मोटारीत चढेना. वडील शेवटी बैलगाडी घेऊन आले. घरी आलो तरी एका जागी बसवेना. रस्त्याने ट्रकचा आवाज आला की हाताशी येईल ते मी धरायचो, खाटेचा माचवा, दाराची चौकट, एकदा तर म्हशीचे शिंग. रात्रंदिवस मनात एकच घोळायचे : मी आत सरकलो. नुसता 'नाही' म्हणालो असतो तर? माय म्हणायची, "लेकराला धास्ती बसली."  मग एक दिवस वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते कॉलेज. जीव हाय तं सगळं हाय." मी मान हलवली. मला सुटल्यासारखे वाटले आणि बुडाल्यासारखेही.

अशात एका सकाळी कौसाक्का आमच्या दारात उभी राहिली. डोंगरकड्याला उतरून चालत आली होती. पाणी प्यायली नाही तोच म्हणाली, "कॉलेजात विचारून आले. नाव घालता येतंय अजून. चला."

वडिलांनी तिला बसायला घोंगडे दिले. "बाई, तुमची माया म्हून तुमी आलात. पन पोराला गाडीत बसवत न्हाई. हात थरथर करतेत त्याचे."

"मंग थरथरत येऊ द्या. गाडीत थरथरायला कुठं बंदी हाय?"

"जबरदस्ती करून काय फायदा?"

"जबरदस्ती कोन करून राह्यलं? दादा, वाट अर्धी राह्यली की मानूस बी अर्धंच घरी येतंय. तुमचं हे पोरगं सगळं न्हाई आलं घरी. उरलेलं तिथं फरशीवर बसून हाय. त्याला घेऊ अन् फुडं जाऊ. न्हाई जमलं तर माघारी फिरू. तुमच्या बैलास्नी बी तेवढाच आराम."

वडील हसले. अपघातानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिले.

फरशी आमच्या गावापासून चालत जाण्यासारखी होती. तिथपर्यंत पायी जायचे आणि तिथेच गाडीला हात करायचा असे ठरले. मी, वडील, कौसाक्का आणि हट्टाने निघालेली माय. माय वाटभर एक हात पदराखालीच ठेवून चालत होती. फरशी आली. कठड्याचा एक दगड नव्याने बसवलेला दिसत होता. तेवढ्यात मागे पाहतो तर माय आमच्याकडे पाठ करून खाली वाकलेली.

"काय गं ते, सुंदरा?" कौसाक्काने विचारले.

"काय न्हाई."

"दाव की."

मायने पदराखालून हात काढला. कुंकू लावलेले लिंबू आणि नारळ. दीक्षा घेतली त्या वर्षी वडिलांनी घरातला देव्हारा काढला होता आणि तेव्हापासून आमच्याकडे असले काही झालेले नव्हते. वडिलांचा चेहरा उतरला. "अगं, काय हे? लोक बघतील तर काय म्हनतील?"

"लोकाचं काय जातंय?" माय एकदम कडाडली. "लेकरू माझं थरथर करून राह्यलंय! मी एक लिंबू बी टाकू नगं?"

मला वाटले, आता कौसाक्का तिला बोलणार. कौसाक्काही आमच्यातलीच, दीक्षा घेतलेली, आणि तिच्या तोंडाला लगाम नव्हता. पण तिने ते लिंबू मायच्या हातातून घेतले, पदराने कुंकू पुसले, वडिलांच्या विळ्याने चिरले आणि आपल्या पिशवीतल्या पाण्याच्या तांब्यात पिळले. मग गुळाचा खडा टाकून बोटाने ढवळत म्हणाली, "उतारा टाकला तर कावळ्यायचा फायदा. लेकराची धास्ती हाय ना? मंग चौघं वाटून घेऊ. एकट्याला लई होती ती."

आम्ही चौघे त्या फरशीवर बसलो आणि ते सरबत प्यालो. आधी कौसाक्का प्यायली, मग वडील. माय रडत रडत प्यायली. शेवटी तांब्या माझ्याकडे आला. गूळ नीट विरघळला नव्हता, तळाशी तोच राहिला होता. खाली ओढ्यात कुणाची तरी गुरे पाणी पीत होती. किसनबाबा पडले ती जागा मला दिसत होती आणि तिथे काहीच नव्हते, नुसते गवत. का कोण जाणे, मला ते फार भयंकर वाटले आणि थोडे बरेही वाटले.

गाडी आली. पायरीवर पाय ठेवला तेव्हा हात थरथरत होतेच. बाकड्याशी आलो तर कौसाक्का सहज बोलून गेली, "आत सरक." मी जागच्या जागी थिजलो. मागची माणसे ओरडायला लागली. ट्रकवर काय झाले ते मी तिला वाटेत सांगितले होते. तिच्या लक्षात आले. ती स्वतः खिडकीशी जाऊन बसली आणि म्हणाली, "बस तू कडंला. मला काय थुंकायचं न्हाई." मी हसलो की रडलो ते आता आठवत नाही. हिंगोली येईपर्यंत मी तिचे मनगट धरून होतो. उतरल्यावर पाहिले तर त्यावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. ती म्हणाली, "जोर हाय की रे तुझ्या हातात. हाड बराबर जुळलंय."

त्याच दिवशी कॉलेजात माझे नाव लागले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता पोचलास."

मला वाटले, संपले. पण थोड्याच दिवसांत तिने मला बोलावून घेतले. "त्या म्हाताऱ्याची वाट बी अर्धीच हाय. तो कुठं निघाला व्हता?" मला माहीत नव्हते. तिने शोधून काढले होते. किसनबाबा हिंगोलीत दिलेल्या लेकीला उन्हाळ्यातल्या कुरडया द्यायला निघाले होते. त्या कुरडया तर ट्रकखाली चुरल्या. कौसाक्काने किसनबाबांच्या म्हातारीकडून दुसऱ्या आणवल्या आणि माझ्या हातात गठुडे दिले. "तू शेवटचा हुतास त्याच्यापाशी. तूच दे."

मी गेलो. कौसाक्का रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली, आत आली नाही. किसनबाबांच्या लेकीने गठुडे मांडीवर घेतले आणि विचारले, "बाबा शेवटी काय बोलले?" वाटभर मी जे बोलायचे ठरवले होते ते सगळे गेले. मी म्हणालो, "आत सरक म्हणाले. मला थुंकायला कड लागते म्हणाले." ती तोंडाला पदर लावून हसायला लागली, "असंच! घरात बी असंच! माय दिवसभर वरडायची त्यायच्या थुंकण्यावर!" आणि मग तिचे हसणे मोडले. त्या दिवसापासून मी एकटा गाडीने गावी जाऊ लागलो. मी आत सरकलो हे अजून मनात येते. पण आता ते एकट्याचे नाही, किसनबाबांच्या लेकीलाही ते माहीत आहे.

पुढे दोन वर्षे मी हिंगोलीत शिकलो आणि कौसाक्काच्या खानावळीत जेवलो. तिथे कुणाकुणाला तिने कुठेकुठे पोचवले ते मी पाहिले. एक बाई लेकाच्या सोयरिकीला निघाली होती. एकजण बकरा विकत घ्यायला. दवाखान्यातून सुटल्यावर कौसाक्का त्यांच्याबरोबर जायची, खानावळ शेजारणीवर सोपवून. एक गडी तर तिच्या प्रश्नाला उत्तरच देईना. त्याच्या सायकलीला जीपने उडवले होते आणि तेव्हापासून त्याला रस्ता ओलांडता येत नव्हता. खोदून खोदून विचारल्यावर खाली मान घालून म्हणाला, "सासऱ्याशी भांडायला निघालो व्हतो."

"मंग चल, भांडून घे."

मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. सासऱ्याच्या दारात हा गडी नुसता उभा. कौसाक्का मागून ढोसते, "आरं बोल की! यवढ्या लांबून काहून आलो मंग?" शेवटी सासऱ्यालाच दया आली. त्याने चहा मागवला आणि आपणच बैलाचा जुना विषय काढून भांडणाला सुरुवात केली. दोघे असे कडाकडा भांडले की शेजारी गोळा झाले. परतताना त्या गड्याने रस्ता एकट्याने ओलांडला.

अशी ही बाई. पण तिच्या दोन गोष्टी मला सुरुवातीपासून खटकत होत्या.

एक म्हणजे तिचे वरण. हिंगोली हळदीचा बाजार. हंगामात मोंढ्याच्या रस्त्याने नुसते चालले तरी धोतराची किनार पिवळी होते. आणि त्या गावात कौसाक्काचे वरण पांढरेफटक. हळदीची चिमूटसुद्धा नाही. गिऱ्हाइके चिडवायची, "अक्का, हळद महाग झाली का काय हिंगोलीत?" ती म्हणायची, "तुला वरान खायचं का लग्न लावायचं?" सगळे हसायचे आणि विषय तिथेच थांबायचा.

दुसरी गोष्ट तिची भाकरी. ती भाकरी उत्तम करायची, पातळ, पदर सुटलेली. पण दुपारी औंढ्याकडून वसमतची गाडी यायची आणि दवाखान्याची माणसे उतरायला त्या कोपऱ्यावर थांबायची. गाडीचा आवाज आला की कौसाक्का असेल तशी उठायची. पिठाचे हात तसेच धरून दारात जायची आणि उतरणारा एकेक माणूस पाहायची. शेवटचा माणूस उतरून गाडी हलली की आत यायची. तोवर तव्यावरची भाकरी करपलेली असायची. ती भाकरी ती कुणाला वाढत नसे, स्वतः खायची. जुनी गिऱ्हाइके त्या वेळेला तिच्याकडे बघत नसत, ताटात बघत. मी नवा होतो, मी बघायचो. तिची ती नजर पाहिली की माझे जेवणावरचे लक्ष उडायचे.

नामदेवकाका तिचे दीर, टांगा हाकायचे आणि दुपारी तिथेच जेवायचे. एकदा गाडी येऊन गेल्यावर मी त्यांना बाहेर गाठले आणि विचारले. त्यांनी आधी घोड्यापुढे वैरण टाकली. मग जे बोलले ते असे.

कौसाक्काला एक मुलगी होती, सुमन. नवरा आधीच गेलेला. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी तीन-चार वर्षांची गोष्ट. सुमन चौथी पास झाली म्हणून मायलेकी औंढ्याहून वसमतला जाणाऱ्या रस्त्यावरच्या शिरड शहापूरला निघाल्या होत्या. शिरडला कौसाक्काची धाकटी बहीण धुरपदा दिलेली. मावशीला पास झाल्याचे सांगायचे, गूळ-फुटाणे द्यायचे. हळदीची पोती घेऊन जाणारा ट्रक मिळाला, त्यावर बसल्या. औंढ्याच्या पुढे वळणावर तो उलटला. पोती फुटली. "पोरगी नुसती पिवळी झाली व्हती," काका म्हणाले, "वळखू येईना. मीच उचलली."

कौसाक्का पुष्कळ दिवस दवाखान्यात होती. डोक्याला मार होता. आमच्याकडे रीत अशी की जखमी माणसाला मेल्याचे सांगत नाहीत, धक्क्याने तोही जाईल म्हणून. शुद्धीवर येताच तिने लेक कुठं आहे म्हणून विचारले, आणि नामदेवकाका म्हणाले, "सुमी शिरडला हाय. धुरपदाकडं. मजेत हाय." रोज विचारायची, रोज तेच सांगायचे. धुरपदाही बहिणीला भेटायला यायची आणि तेच म्हणायची, "हाय अक्का, माझ्यापाशीच हाय. लेकरात खेळती." डोक्यावरची पट्टी सुटली आणि मगच कुणीतरी तिला खरे सांगितले.

"कसं घेतलं तिनं?" मी विचारले.

"घेतलं. रडली. समदं केलं." काकांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला. "पन त्या दिसापून ती शिरडला गेली न्हाई. अन् धुरपदा बी इकडं येत न्हाई. काय तोंडानं येईल? दुनियेला पोचवती ही बाई. अन् वसमतची गाडी आली की काय करती ते बघून राह्यलास तू. माझ्या एका सबदानं झालं हे. बरं व्हावं म्हून बोललो, बापा."

त्यानंतर मला चैन पडेना. जिने मला फरशी ओलांडून नेले, तिचे स्वतःचे असे अर्ध्यात राहावे हे मला सहन होत नव्हते. धाडस करून एका दुपारी, खानावळीत कुणी नसताना मी विचारले, "अक्का, त्या दिवशी तुम्ही कुठं निघाला होता?"

तिचे हात परातीत थांबले. मग तिने तो पिठाचा गोळा असा आपटला की परात वाजली. "शिकला म्हून लई शाना झालास का रे भानू? ऊठ. ऊठ इथून!"

मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, मघाचा नव्हे, खालच्या पट्टीतला. "मी येडी न्हाई. पोरगी न्हाई हे मला ठावं हाय. हिंगोलीनं सांगितलं, औंढ्यानं सांगितलं, दवाखान्यानं सांगितलं. पन शिरडनं अजून सांगितलं न्हाई. शिरडचं शेवटचं बोलनं 'हाय' असंच हाय. तेवढं एक गाव ऱ्हाऊ दे की मला."

मी वळून पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती.  तुमच्याबरोबर मी येतो, शेजारी बसतो, असे म्हणायचे होते. तिने मला जसे नेले तसे मी तिला नेईन, असे मी मनात कितीदा तरी ठरवले होते. पण त्या एका गावातून तिला बाहेर काढायचा मला काय हक्क, हेही वाटत होते. मी नुसता उभा राहिलो. मग ती म्हणाली, "उभा काहून? भाकरी घे," आणि आम्ही पुन्हा कधी ते बोललो नाही. वसमतची गाडी येतच होती आणि भाकरी करपतच होती.

बी.ए.ला मी औरंगाबादला यायला निघालो तेव्हा ती स्टँडवर आली होती. गाडीच्या खिडकीशी उभी राहून तिने विचारले, "कुठं निघाला?" माझ्या ओळखीत पहिल्यांदाच तिने हा प्रश्न जाणाऱ्या माणसाला विचारला असेल.

"औरंगाबादला. कॉलेजात."

"पोच," ती म्हणाली. गाडी हलली तरी ती हात न हलवता तशीच उभी होती.

आता ती बातमी. वडील आले ते हिंगोलीवरून, मायने दिलेला धपाट्यांचा डबा घेऊन. हातपाय धुऊन बसले आणि म्हणाले, "तुला एक सांगायचं हाय. कौसाक्का शिरडला जाऊन आली."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. "कधी? का गेली?"

"काहून गेली कोनाला ठावं. नामदेवनं सांगितलं मला. सकाळी पीठ चाळून घेतलं, परात तशीच झाकली अन् म्हनली, 'नामदेव, चल.' कुठं म्हनून इचारलं तर म्हनली, 'निघाले व्हते तिथं.'"

"शेजारी कोण बसलं?"

"नामदेवच. तो म्हनत व्हता, मी नगं, दुसऱ्या कोनाला घे. तर म्हनली, 'तूच बस.' वळण आलं तवा तोच रडला म्हने. ही बाहीर बघत व्हती."

वडील थोडे थांबले. त्यांना असे सलग बोलायची सवय नाही. "धुरपदा दारातच व्हती. बहिनीला बघून पळत आली, पन हिनं हात आडवा धरला. उंबऱ्याच्या बाहीरच उभी ऱ्हायली अन् इचारलं, 'धुरपदे, सुमी हाय का गं घरात?' धुरपदानं नामदेवकडं बघितलं. नामदेव म्हनला, 'सांग.' मंग ती म्हनली, 'न्हाई, अक्का. सुमी इथं कवाच आली न्हाई.'"

"मग?"

"मंग काय न्हाई. कौसाक्का म्हनली, 'बरं.' अन् आत गेली. गूळ-फुटाणे नेले व्हते संगं. धुरपदाच्या नातवंडायला वाटले. सांजच्याला दोघं माघारी आले."

मी डबा खाली ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांपुढे त्या उंबऱ्याबाहेर उभी असलेली कौसाक्का होती, आणि मला वाटत होते की तिच्याजवळचे शेवटचे गावही गेले. शेजारी मी बसायला हवा होतो, असेही वाटत होते, आणि नामदेवकाकाच बसले हे बरोबर झाले असेही.

"तुम्ही पाहिलं का तिला? कशी आहे?"

"काल तिथंच तं जेवलो. वसमतची गाडी आली. मी मुद्दाम बघत व्हतो." वडिलांनी हाताने भाकरी थापल्यासारखे केले. "उठली न्हाई. मान बी वर केली न्हाई. भाकरी शेकली, पदर सुटला अन् माझ्या ताटात टाकली. करपली न्हाई."

मग डब्यातला धपाटा मोडून माझ्यापुढे धरत ते म्हणाले, "वरान तेवढं पांढरंच व्हतं."